स्पार्क गॅपचा कडकडाट कमी कसा करावा? (टेस्ला कॉइल, निऑन ट्रान्सफॉर्मर)

शहापूरकर
नमस्कार मंडळी. बेळगावात, शहापूर भागात राहतो. टेस्ला कॉइल (उच्च व्होल्टेजच्या ठिणग्या काढणारं यंत्र) चालू झाली आहे, त्यामुळे "कशी बनवू" हा प्रश्न नाही. प्रश्न आवाजाचा आहे.

माहिती देतो. ट्रान्सफॉर्मर जुन्या हॉटेलच्या निऑन बोर्डाचा, लोखंडी गाभ्याचा, ९ केव्ही (९ हजार व्होल्ट) ३० एमए (मिलिअँपिअर). भंगारात किलोच्या भावाने मिळाला. कपॅसिटर १६ नॅनोफॅरड, फिल्मचे बरेच कपॅसिटर माळेत जोडून केलेला. सेकंडरी (बारीक तारेचं उंच वेटोळं) चार इंची पीव्हीसी पाइपवर. गॅप, म्हणजे ज्या फटीत ठिणगी उडून भरलेला कपॅसिटर कॉइलमध्ये रिकामा होतो ती, पितळेचे दोन बोल्ट समोरासमोर ठेवून केलेली, मध्ये चारेक मिलिमीटर. वर हवेत फूटभर ठिणग्या निघतात. बघायला झकास!

पण आमची घरं भिंतीला भिंत लागून. स्विच दाबला की वीट फोडायचं मशीन लावल्यासारखा आवाज, आणि दोन मिनिटांत शेजारच्या काकू दारात. त्यांच्या मुलाची परीक्षा आहे, त्यांचंही बरोबरच आहे. गॅपवर थर्माकोलचा डबा घातला तर चालेल काय?

वडगाव_माग
शहापुरात कशाला, आमच्या वडगावात या की वो. माग चालू असले की शेजारी बसलेल्याला हाक ऐकू येत नाही, तुमच्या ठिणगीचं काय घेऊन बसलाय. चहा आमच्याकडून.

हिंडलगा_रोड
स्पार्क गॅपच कशाला हवा? मॉस्फेटवर (इलेक्ट्रॉनिक स्विचवर) कॉइल करा. गॅप नाही, कडकडाट नाही, वर गाणंसुद्धा वाजवता येतं. २०२० नंतर निऑन ट्रान्सफॉर्मर शोधत फिरणं म्हणजे हौसच म्हणायची.

उद्यमबाग_लेथ
हिंडलगा, हा हौसेचाच धागा आहे. मॉस्फेटचं वेगळं काढा, तिथे किती मॉस्फेट फुटले याचाही हिशेब मांडू.

शहापूरकर, थर्माकोल नको. पहिलं कारण, तो पेटतो. दुसरं, आवाज अडवायला वजन लागतं आणि थर्माकोलला वजनच नाही.

पण डब्याचं नंतर बघू. आधी तो एकच मोठा गॅप मोडा. चार मिमीच्या एका उडीऐवजी अर्ध्या अर्ध्या मिमीच्या पाच उड्या करा. अर्धा मिमी हवा साधारण अडीच हजार व्होल्टला फुटते. पाच ओळीत लावले की बेरीज साडेबारा हजार. तुमच्या ९ केव्हीचं शिखर १२,७०० व्होल्ट. प्रत्यक्षात व्होल्टेज पाचांत सारखं वाटलं जात नाही, त्यामुळे माळ बेरजेच्या थोडी आधीच उडते. ते ट्रान्सफॉर्मरच्या दृष्टीने चांगलंच.

बनवायचं असं. एसीवाल्याकडून पाऊण इंची तांब्याची नळी घ्या, तीन-तीन इंचाचे सहा तुकडे करा. कापलेल्या कडा कानशीने गोल करा, बर (कापताना उठलेली धारदार कड) ठेवू नका, ठिणगी नेमकी बरवरच जाऊन बसते. सहा इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा घ्या आणि हे सहा तुकडे आतल्या भिंतीला उभे, शेजारी शेजारी, बोल्टने आवळा. एका तुकड्याचं भोक लांबट ठेवा म्हणजे सरकवता येईल. फीलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पानांच्या हत्याराचं) ०.५० मिमीचं पान दोन तुकड्यांत घालायचं, ते वर, मधे, खाली सारखंच अडखळत गेलं पाहिजे. वर घट्ट आणि खाली ढिलं असेल तर ठिणगी वरच्या टोकालाच नाचत बसणार आणि तेवढीच जागा तापणार.

पाइपच्या एका तोंडाला २३० व्होल्टचा चार इंची पंखा, पंख्याची बॉडी अर्थ करून. व्हॅक्यूम क्लीनरची मोटर लावायचा सल्ला बरेच जण देतील. वारा जोरात मिळतो हे खरं, पण मग गॅपचा आवाज गेला आणि मोटरचा आला, त्यात काय मिळवलं?

निपाणी_फिजिक्स
उद्यमबाग यांनी कृती दिली, मी त्यामागचं कारण सांगतो. चाळीस वर्षं नववी-दहावीला शिकवल्याची खोड आहे, लांबलं तर माफ करा.

कपॅसिटरमधली ऊर्जा ½CV². १६ नॅनोफॅरड आणि १२ हजार व्होल्ट धरले तर सव्वा ज्यूलच्या आत-बाहेर. आकडा किरकोळ वाटतो. पण त्यातला मोठा वाटा काही मायक्रोसेकंदांत केसाएवढ्या जाड हवेच्या दोऱ्यात ओतला जातो. ती हवा हजारो अंशांना पोचते, तिला फुगायला वेळच मिळत नाही, म्हणून दाबाची लाट फुटते. सेकंदाला शंभराच्या वर असे फटाके. कडकडाट तो हाच, आणि आकाशातली वीजही याच कारणाने गडगडते.

एका लांब ठिणगीऐवजी पाच आखूड ठिणग्या केल्या की दोन गोष्टी होतात. प्रत्येक दोरा लहान होतो आणि त्याला प्रचंड मोठं थंड तांबं दोन्ही बाजूंनी चिकटलेलं असतं, त्यामुळे उष्णता हवेत जाण्याआधी धातूत जाते. दुसरं, लहान ठिणगीचा आवाज वरच्या पट्टीत सरकतो. कानाला तो जास्त टोचतो, खरं आहे. पण डब्याला तो पकडायला सोपा. रॉकवूलसारखा माल खालच्या पट्टीचा घुमार फारसा शोषत नाही, वरच्या पट्टीचा शोषतो. म्हणून आधी गॅप तोडायचा आणि मग डबा घालायचा, हा क्रम उलटा केला की लोक निराश होतात.

ही काही आजची अडचण नाही. टायटॅनिकवर १९१२ साली मार्कोनी कंपनीचा पाच किलोवॅटचा ठिणगीचा प्रक्षेपक होता, फिरत्या चकतीचा. त्याचा आवाज इतका की ऑपरेटरला हेडफोनमध्ये काही ऐकू येणार नाही, म्हणून ती यंत्रसामग्री शेजारच्या वेगळ्या, आवाज अडवणाऱ्या खोलीत ठेवली होती. त्या खोलीला 'सायलेंट रूम' म्हणत. आवाज करणारं यंत्र जिथे, त्याच खोलीला हे नाव!

त्याच काळात जर्मनीत दुसरी वाट निघाली होती. माक्स वीन यांनी १९०६ मध्ये दाखवलं की गॅप अगदी अरुंद ठेवला तर ठिणगी चटकन विझते आणि सेकंडरीत गेलेली ऊर्जा परत प्रायमरीत (खालच्या जाड वेढ्यांत) येऊ शकत नाही. टेलिफुंकेनने त्यावर तांब्याच्या चकत्यांची चळत केली. मध्ये अभ्रकाची कडी, दोन चकत्यांत सुमारे ०.२ मिमी, सगळं बाहेरच्या हवेपासून बंद. मोठा प्रक्षेपक असूनही गॅप जवळपास मुका. आपल्याला जे हवंय ते शंभर वर्षांपूर्वी होऊन गेलंय.

संकेश्वर_लाइनमन (निवृत्त)
एवढं सगळं लिहिलंत आणि जीव कसा वाचवायचा ते कुणी लिहिलं नाही.

पोरा, डबा घातलास की गॅप दिसायचा बंद होतो, आणि दिसत नाही म्हणून माणूस हात घालतो. प्लग भिंतीतून उपटून हातात घ्यायचा, मग लाकडी दांड्याला बांधलेल्या जाड वायरीने कपॅसिटरची दोन्ही टोकं शॉर्ट करायची, मगच डबा उघडायचा. प्रत्येक कपॅसिटरवर उरलेला चार्ज जिरवायला १० मेगाओहमची रेझिस्टन्स आहे ना? असली तरी दांडा वापरायचाच. डब्याच्या झाकणाला मायक्रोस्विच लाव, झाकण उघडलं की मेन तुटलं पाहिजे.

सेकंडरीच्या खालच्या टोकाला घराचं अर्थिंग वापरू नकोस, त्यासाठी अंगणात वेगळा रॉड ठोक. आणि हृदयाला पेसमेकर असलेलं कुणी घरात असेल तर ते घरी असताना कॉइल लावायचीच नाही.

मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर स्वस्त मिळतो म्हणून कुणी त्याच्यामागे लागत असेल तर त्याने आधी घरच्यांना सांगून ठेवावं. निऑनवाला करंट स्वतः आवरतो, तो आवरत नाही. एकदाच मारतो.

शहापूरकर
काका, १० मेगाओहम सगळ्यांवर आहेत, दांडा आजच केला. मायक्रोस्विचचं डोक्यात नव्हतं, लावतो.

तांब्याच्या नळ्यांचा गॅप तयार झाला. उद्यमबाग काकांचे आभार, फीलर गेजचं सांगितलं नसतं तर मी डोळ्यांनीच लावला असता. आवाज बदललाय. आधी "ठाड् ठाड्" होतं, आता तापल्या तव्यावर फोडणी तडतडावी तसं, बारीक आणि सलग. पडवीचं दार लावलं की रस्त्यावर कमी येतो.

पण मिनिटभर चालवलं की गंमत होते. आवाज आपोआप अगदी खाली जातो, नुसतं "सूं" होतं. वरच्या ठिणग्यासुद्धा बसतात. गॅप शांत झाला म्हणून खूश व्हावं की काळजी करावी?

उद्यमबाग_लेथ
काळजी करा. पंखा चालू आहे का बघा आधी.

गॅपमध्ये वाकून बघू नका, ठिणगीत अतिनील प्रकाश भरपूर असतो, वेल्डिंगसारखेच डोळे येतील. वेल्डिंगची काच लावून लांबून बघा. निळसर-पांढरी कोरडी ठिणगी दिसली तर गॅप काम करतोय. पिवळसर, लवलवती ज्योत दिसली तर कपॅसिटर भरतच नाहीये. ट्रान्सफॉर्मरचा करंट सरळ गॅपमधून वाहतोय, वेल्डिंगच्या आर्कसारखा. म्हणून "सूं". तांबं तापलं, मधली हवा तापली, गरम हवा कमी व्होल्टला फुटते, ठिणगी विझायचं नाव घेत नाही.

हे सगळ्यांनी ध्यानात ठेवा. शांत गॅप दोन तऱ्हेचे असतात. एक चांगला बनवलेला, दुसरा मेलेला. वरच्या ठिणगीची लांबी टिकली आणि आवाज कमी झाला तर पहिला. दोन्ही एकदम खाली गेलं तर दुसरा.

पंख्याची दिशा बदलून बघा. ढकलण्यापेक्षा ओढणारा पंखा पुष्कळदा बरा पडतो, कारण हवा सगळ्या फटींतून सारखी जाते. आणि नळ्या जरा लांब घेतल्या तरी चालतात, उष्णता वाटली जाते.

आणखी एक. गॅप तापतोय म्हणून फट वाढवायचा मोह होईल. वाढवू नका. ९ केव्ही ३० एमएला ५० हर्ट्झवर साधारण १०.६ नॅनोफॅरडला रेझोनन्स (ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर मिळून व्होल्टेज चढवत नेतात ती स्थिती) बसतो. तुमचा १६ आहे, म्हणजे त्यापासून लांब आहात, चांगलं आहे. पण फट इतकी वाढली की ठिणगीच उडेना, तर व्होल्टेज तरीही शिखराच्या वर चढू शकतं आणि ट्रान्सफॉर्मरच्या आतलं डांबर आतल्या आत जळतं. बाहेरून काही कळत नाही. कपॅसिटर सोडवून, नुसत्या ट्रान्सफॉर्मरवर गॅप जिथे जेमतेम उडतो तिथेच सेट करायचा आणि मग हात लावायचा नाही. शेजारी वेगळा सेफ्टी गॅप (व्होल्टेज फार चढलं तर ते अर्थला सोडणारा) पाहिजेच, तीन गोळ्यांचा, मधली अर्थला.

खानापूर_रान
आमच्याकडे शेजारी म्हणजे गवे, त्यामुळे आवाजाचं मला पडलेलं नाही. पण पावसाळ्याचं सांगतो, ते बेळगावलाही लागू आहे.

जून ते सप्टेंबर तांब्यावर हिरवा थर धरतो. ठिणगी हवेतला नायट्रोजन जाळते, त्याचे ऑक्साइड होतात, दमट हवेत त्याचं नायट्रिक ॲसिड. बंद डब्यात हे दुपटीने. उघडल्यावर नाकात जो झोंबणारा वास जातो तो त्याचाच, तो ओढायचा नाही. डबा करणार असाल तर हवा बाहेर सोडायला वाट ठेवा, खिडकीतून नळी काढा. चालवून झाल्यावर पंखा आणखी थोडा वेळ चालू ठेवायचा. साधं रबर आत वापरू नका, ओझोनने चिरा पडतात, सिलिकोनचं घ्या.

आणि हो, तुमची कॉइल चालू असताना गल्लीत कुणी आकाशवाणी सांगली लावून बसलं असेल तर त्याला नुसती खरखर ऐकू येणार. काकूंचं गाऱ्हाणं मिटलं तरी आजोबांचं येईल. मेनला लाइन फिल्टर टाका.

शहापूरकर
पंखा उलटा लागला होता, भंगारातला असल्याने बाण पुसलेला. ओढता केल्यावर "सूं" बंद.

आता डब्याचं बोलू या. १८ मिमी एमडीएफ आणलाय. हवा आत-बाहेर जायला भोक ठेवलं तर आवाजही तिथूनच येणार ना?

उद्यमबाग_लेथ
येणार, सरळ भोक ठेवलं तर. हवा वळसे घेत जाऊ शकते, आवाजाला प्रत्येक वळणावर मार बसतो. डब्याच्या आतच दोन आडव्या फळ्या टाकून नागमोडी बोगदा करा, वळणांना आतून रॉकवूल लावा, त्यावर ग्लास क्लॉथ म्हणजे तंतू उडणार नाहीत. आत जायचा बोगदा वेगळा, बाहेर यायचा वेगळा. फोम लावू नका, पेटतो. बोगदा पंख्याच्या तोंडापेक्षा अरुंद नको, नाहीतर पुन्हा "सूं".

फटी बुजवा. झाकणाला सिलिकोनची पट्टी, क्लॅम्पने आवळायचं. जिथून पान सरकवता येतं तिथून आवाजही येतो.

आणि गॅप डब्याच्या तळावर बोल्टने आवळू नका. मघापासून कुणी टेबलाचं नाव काढलं नाही. अर्धा आवाज टेबलाची फळी काढते, ढोलाच्या कातड्यासारखी. सिलिकोनच्या चार गुंड्यांवर गॅप तरंगता ठेवा, डब्याखाली जुनं गोणपाट चौपदरी.

वायरी मात्र लांबवू नका. गॅप प्रायमरीच्या वाटेत बसतो, त्या वाटेत वीतभर वायर वाढली की ट्यूनिंग सरकतं. डबा कॉइलजवळच ठेवा. वायर आत जाते तिथे नुसतं एमडीएफ नको, ते ओल धरतं आणि मग लाकडातूनच ठिणगी रांगत जाते. तिथे हायलमची (वीज न वाहणाऱ्या टणक पत्र्याची) प्लेट किंवा जाड ॲक्रिलिक लावा.

शहापूरकर
डबा झाला. मोबाइलच्या ॲपवर आकडा खूप खाली आलाय, पण ते ॲप कॉइल जवळ आली की काहीही दाखवतं.

काकू मात्र अजून येतात :) आता म्हणतात, "आधीचा आवाज गेला, पण चर्र चर्र चालूच आहे."

निपाणी_फिजिक्स
ॲपवर विसंबू नका. ठिणगी इतकी क्षणिक असते की मोबाइलचा माइक तिचं शिखर कापूनच टाकतो. वर कॉइलच्या क्षेत्राने माइकच्या तारा गोंधळतात ते वेगळंच.

चर्र चर्र तुमच्या गॅपचा नसावा. प्रायमरीचा टॅप (वायर जोडायची जागा) एक-दोन वेढे बाजूला सरकवा (वीज काढून, दांडा लावून!) आणि अगदी क्षणभर चालवा. ट्यूनिंग बिघडल्याने वरच्या ठिणग्या बसतील, गॅप मात्र उडत राहील. तेव्हा जे ऐकू येईल तेवढा गॅपचा वाटा. बाकीचा आवाज टोरॉइडवरून (सेकंडरीच्या डोक्यावरच्या धातूच्या कड्यावरून) निघणाऱ्या ठिणग्यांचा. फार वेळ असं चालवू नका, सगळी ऊर्जा गॅपमध्येच जिरते आणि कपॅसिटरला ताण बसतो.

शहापूरकर
केलं. गॅप जवळपास ऐकूच येत नाही. म्हणजे सगळा चर्र वरचाच.

हिंडलगा_रोड
मग वरच्याचं काय करणार? त्याला डबा घातला तर बघायचं काय? म्हणून म्हणत होतो, मॉस्फेट.

उद्यमबाग_लेथ
मॉस्फेटवरच्या कॉइललाही वर ठिणगी असते की वो, तीही चर्रच करते.

टोरॉइड मोठा आणि गुळगुळीत केला तर सगळीकडून केसासारख्या ठिणग्या निघायच्या बंद होतात. एक टोक काढून ठेवा, तिथून एकच मोठी निघेल. आवाज कमी होईल असं नाही, पण चर्रचा पसारा आवरतो. किंवा चालवताना व्हेरिॲकने व्होल्टेज खाली घ्या. काहीच नको असेल तर टोरॉइडवर ठिणगी निघू न देता नुसती ट्यूबलाइट पेटवून दाखवा, पोरं त्यावरही खूश असतात.

बाकी वेळ सांभाळा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ आहे. ४५ मध्ये कुठलीच ठिणगी बसत नाही.

वडगाव_माग
काकूंच्या मुलाला एकदा बोलावून दाखवा की. परीक्षेनंतर तोच स्विच दाबायला येईल.

खानापूर_रान
निपाणी सर, त्या अभ्रकाच्या चकत्यांचं कुणी करून बघितलंय का? नळ्यांपेक्षा तेच बरं वाटतंय. डबाच लागणार नाही.

निपाणी_फिजिक्स
तत्त्वाने डबा लागत नाही. ०.२ मिमीला साधारण बाराशे व्होल्ट, म्हणजे ९ केव्हीला दहा फटी, अकरा चकत्या. अडचण घडणीत आहे, ती उद्यमबाग सांगतील.

उद्यमबाग_लेथ
होतं, पण चकती सरळ पाहिजे. ०.२ मिमीच्या फटीत ०.०५ चा फरक म्हणजे पाव फट गेली. चकती लेथवर फेस (सपाट) करायची, मग सरफेस प्लेटवर बारीक पॉलिश पेपरने घासायची. मधला ठिणगीचा भाग आणि कडेची अभ्रकाची बैठक यांच्यात खोल चर काढायची, म्हणजे ठिणगी अभ्रकापर्यंत पोचत नाही. पोचली की अभ्रक करपतं आणि तिथून कायमची वाट तयार होते. एकाआड एक चकती मोठी ठेवायची, ती पंखासारखी बाहेर राहते आणि उष्णता टाकते. सगळं मधून एका बोल्टने नाही, बाहेरून जाड हायलमच्या दोन प्लेटांत आवळायचं, मधला बोल्ट स्वतःच शॉर्ट होईल.

अभ्रक जुन्या इस्त्रीच्या एलिमेंटमधलं चालतं. पापुद्रे सोलून मायक्रोमीटरने जाडी जुळवायची, सगळ्या कड्या एकाच जाडीच्या.

तोटा असा की प्रत्येक फट थोडं व्होल्टेज खाते. दहा फटींत ते जाणवतं, वरची ठिणगी जरा आखूड होते. आणि एक चकती करपली की सगळी चळत उघडा. लहान कॉइलला नळ्या आणि डबाच परवडतो, असं माझं मत. पण ज्याला मशिनिंगची हौस आहे त्याने चकत्या जरूर कराव्यात.

शहापूरकर
टंगस्टनचे रॉड लावले तर कमी झिजतील का? इथे टिग वेल्डिंगवाल्यांकडे मिळतात.

उद्यमबाग_लेथ
एकाच फटीच्या गॅपला लावतात, पण टंगस्टन तांब्याइतकी उष्णता वाहून नेत नाही, तुमच्या गॅपला गरज नाही. घ्यायचेच असतील तर लाल टोकाचे घेऊ नका, त्यात थोरियम असतं, ते किरणोत्सारी. ग्राइंडरवर घासलं की धूळ छातीत. सोनेरी किंवा निळ्या टोकाचे मागा. आणि जस्त चढवलेले बोल्ट कुठेच वापरू नका, धूर निघतो.

खानापूर, तुमच्या चकत्यांची मापं इथे टाका. तांब्याचा गोल रॉड ५० मिमीचा मिळाला तर दोन्ही बाजू फेस करून आणि चर काढून देतो. घासायचं काम मात्र तुम्हीच करायचं.

खानापूर_रान
टाकतो. रॉड ५० चा नाही मिळाला तर ४५ चालेल का?

उद्यमबाग_लेथ
चालेल. चर तेवढी आत घेऊ, अभ्रकाच्या बैठकीला पाच मिमी तरी राहू दे.